दादाला थांबवा, दुकानदाराला फोन करा

पत्र:

'माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. गेली दहा-बारा वर्षं ते कॉम्प्युटरवर लिहितात. कृष्णेच्या पुरांच्या आठवणी, नोकरीतल्या नोंदी, घराण्याची वंशावळ. सगळं मराठीत आणि सगळं 'डी' ड्राइव्हवर. गेल्या महिन्यात कॉम्प्युटर सुरूच होईना. दुकानदार म्हणाला, 'हार्ड डिस्क गेली, डेटा उडाला.' जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नाही म्हणून त्याने नवा सीपीयू दिला. जुनी डिस्क १ टीबीची होती, नव्यात ५१२ जीबीची एसएसडी आहे. बाबांची एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे. तिच्यात 'फाइलहिस्टरी', 'विंडोजइमेजबॅकअप' आणि 'न्यू फोल्डर (३)' असे तीन फोल्डर दिसतात. तिसऱ्यातल्या फाइली २०२२ च्या आहेत. त्यातली एक उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. माझा मोठा भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो, 'शनिवारी येतो, इमेज रिस्टोअर मारतो, कॉम्प्युटर होता तसा परत येईल.' मारू द्यावं का? नवा सीपीयू आणि ती डिस्क सध्या माझ्याकडे मिरजेत आहे. बाबांना वाटतंय, कॉम्प्युटर सर्व्हिसिंगला गेलाय. त्यांना काय सांगू?'

– एक वाचक, मिरज

ताई,

दादांना शनिवारी जरूर येऊ द्या, पण इमेज (म्हणजे जुन्या ड्राइव्हची विंडोजसकट घेतलेली अख्खी प्रत) रिस्टोअर मारू देऊ नका. का ते पुढे सांगतो. त्याआधी एक फोन करायचा आहे, तो हे वाचायचं अर्धवट सोडून केलात तरी चालेल.

दुकानदाराने नवा सीपीयू दिला, मग जुना कुठे आहे? तुमच्या पत्रात त्याचा पत्ता नाही. बहुतेक वेळा तो दुकानाच्या माळ्यावर पडून असतो आणि पुढे कधीतरी भंगारात जातो, किंवा त्यातली डिस्क 'चालतेय का बघू' म्हणून कोणीतरी फॉरमॅट करून टाकतो. 'जुनी हार्ड डिस्क आम्हाला परत हवी आहे, तोवर तिला कोणी हात लावू नका,' एवढं स्पष्ट सांगा. 'डेटा उडाला' हे दुकानातलं वाक्य फार सैल असतं. विंडोज सुरू होत नाही, डिस्क दिसत नाही, दिसते पण अडखळत चालते, किंवा खरोखरच मेली आहे, या चारही दुखण्यांना काउंटरवर एकच नाव. पहिल्या तिन्हींत फाइली बऱ्याचदा शाबूत असतात. दुकानदार लबाड आहे असं मला म्हणायचं नाही. त्याच्यापुढे मशीनची रांग असते, आणि 'नवीन टाकून देतो' हे सगळ्यांत लवकर उरकणारं काम.

आता एक्स्टर्नल डिस्क. जुना कॉम्प्युटर चालू होता तोवर ती बॅकअप होती. तो बंद पडला त्या दिवशी ती बाबांच्या लिखाणाची एकुलती एक प्रत झाली. घरात मात्र सगळे तिला अजून बॅकअपच म्हणतायत, त्यामुळे तिच्याशी वागणंही तसंच सैल चाललंय. लावली, काढली, एखादी फाइल उघडून पाहिली, आणि शनिवारी कोणीतरी तिच्यावरून काहीतरी 'मारणार'. तेव्हा सगळ्यांत आधी तिची नक्कल करा. तेवढीच किंवा तिच्याहून मोठी दुसरी एक्स्टर्नल डिस्क विकत आणा, दोन्ही नव्या सीपीयूला लावा आणि पहिलीवरचं सगळं जसंच्या तसं दुसरीवर उतरवा. काही उघडायचं नाही, आवरायचं नाही, फोल्डरची नावं बदलायची नाहीत. ५०० जीबी असतील तर यूएसबी ३ च्या खाचेतून (आत बहुधा निळी पट्टी दिसते) दीड-दोन तास लागतील. जुन्या यूएसबी २ मधून चार-साडेचार तास. हजारो बारीक फाइली असल्या तर आणखी. यूपीएस लावलेला असू द्या, मध्येच वीज गेली तर पुन्हा श्रीगणेशा. विंडोजने मध्येच एखाद्या फोल्डरसाठी परवानगी विचारली तर 'कंटिन्यू' म्हणा. नक्कल झाली की बाबांची मूळ डिस्क कपाटात ठेवून द्या. यापुढचं सगळं दुसरीवर.

दादांचं म्हणणं का टाळायचं? हेतू चांगला आहे, आणि इमेजचा शोध याच कामासाठी लागला हेही खरं. जुन्याच मशीनमध्ये तेवढीच नवी डिस्क टाकली असती तर मी 'मारा' म्हणालो असतो. पण विंडोजची ती इमेज परत ओतायला नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी लागते. आत माल किती आहे याने फरक पडत नाही. १ टीबीची इमेज ५१२ जीबीच्या डिस्कवर घ्यायला ते तयारच होत नाही. समजा दादांनी मोठी डिस्क आणली, तरी इमेजमधलं विंडोज जुन्या मदरबोर्डला सरावलेलं. नव्या सीपीयूत ते सुरू होईल याची खात्री नाही. आणि सुरू झालंच, तर ते असेल विंडोज १०, ज्याची नियमित दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. एवढा आटापिटा करून बाबांना मुदत संपलेलं मशीन द्यायचं? शिवाय रिस्टोअर म्हणजे नव्या डिस्कवर आत्ता जे आहे ते पुसून त्या जागी जुना दिवस आणणं. बाबांना कॉम्प्युटर हवा आहे तो लिखाणासाठी. लिखाण परत आणा, जुनं मशीन जाऊ द्या.

पण इमेज फेकून देऊ नका, तिचं काम पुढे आहे. 'विंडोजइमेजबॅकअप' उघडलंत की आत जुन्या कॉम्प्युटरच्या नावाचा फोल्डर, त्यात तारखेचा फोल्डर, आणि त्यात 'व्हीएचडीएक्स' शेपटीच्या एक-दोन-तीन फाइली दिसतील. एखादी अगदी लहान असेल, ती सोडा. मोठी आहे ती म्हणजे जुना 'सी' ड्राइव्ह अख्खा, डबाबंद. तिच्यावर दोनदा क्लिक केलंत की तो ड्राइव्ह नव्या अक्षराने तुमच्यासमोर उघडतो, पेनड्राइव्ह लावल्यासारखा. काहीही न ओतता हव्या त्या फाइली उचलता येतात. म्हणूनच नक्कल आधी करायला सांगितली: इथे काही चुकलं तरी मूळ डबा कपाटात सुरक्षित.

तुमच्या पत्रातला सगळ्यांत काळजीचा शब्द मला 'डी' वाटला. आपल्याकडे असेंबल करणाऱ्यांनी एक समज रुजवलाय: विंडोज 'सी'वर, आपलं सगळं 'डी'वर, म्हणजे सुरक्षित. विंडोज नव्याने टाकताना 'डी' वाचतो, एवढ्यापुरतं ते खरं आहे. पण दोन्ही एकाच डिस्कचे कप्पे. घर पडलं की स्वयंपाकघर आणि माजघर दोन्ही पडतात. त्याहून वाईट म्हणजे फाइल हिस्टरी, म्हणजे फाइलींच्या प्रती ठेवत राहणारी विंडोजची सोय, आपणहून फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरलेल्या जागांच्या प्रती ठेवते. 'डी' तिच्यात मुद्दाम जोडावा लागतो. इमेजचंही तेच, 'सी' आपोआप येतो आणि 'डी'वर खूण करावी लागते. तेव्हा तारखेच्या त्या फोल्डरमध्ये दोन मोठ्या व्हीएचडीएक्स फाइली दिसल्या तर देवासमोर साखर ठेवा: इमेज घेणाऱ्याने 'डी'वर खूण केली होती. एकच दिसली तर २०२२ नंतरचं लिखाण दुसरीकडे शोधावं लागेल. ते कुठे, यावर येतोच.

फाइल हिस्टरीच्या फोल्डरात गेलात तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे कंसात तारीख-वेळ दिसेल, आणि एकाच फाइलच्या दहा-दहा प्रती. घाबरू नका. त्या वेगवेगळ्या दिवशीच्या अवस्था आहेत. वेळ ग्रिनिचची आहे, आपली त्यापुढे ५ तास ३० मिनिटं. तेव्हा 'बाबा पहाटे ४ ला लिहीत होते की काय' असं वाटलं तर साडेपाच तास मिळवा, सकाळचे साडेनऊ निघतील. वाटलं तर कंट्रोल पॅनलमधल्या फाइल हिस्टरीतून या डिस्कवरचा जुना बॅकअप निवडून रीतसर परत आणता येतं. मला विचाराल तर थोड्याच फाइली असतील तेव्हा फोल्डरात जाऊन हाताने उचलणं बरं. काय उचललं ते डोळ्यांना दिसतं.

उचलून ठेवायचं कुठे? नव्या मशीनवर एक साधा फोल्डर करा, थेट 'सी'वर, आणि आत तीन कप्पे: फाइल हिस्टरीतून, इमेजमधून, २०२२ चं. तिन्ही ठिकाणचं एकत्र करायचा मोह होईल, आणि विंडोज विचारेल, 'या नावाची फाइल इथे आहे, रिप्लेस करू?' इथे मी एकदा तोंडावर आपटलोय. आईच्या पाककृतींची मी जमवलेली एक लांबलचक फाइल होती. डिस्क बदलल्यावर दोन बॅकअप एकमेकांवर ओतले, 'सगळ्यांना हो' म्हटलं, आणि दोन वर्षांपूर्वीच्या अर्ध्या फाइलने पूर्ण फाइल गिळली. बॅकअप होता, तो मीच खाल्ला. तेव्हा कप्पे वेगळेच राहू द्या, एकत्र करायला पुढे वेळ आहेच. कोणती प्रत नवी हे ठरवताना 'डेट मॉडिफाइड' बघा. 'डेट क्रिएटेड' नक्कल केल्याच्या दिवशीची होऊन बसते, सगळ्या फाइली शनिवारी जन्मल्यासारख्या दिसतील.

आणि हो, हे 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवू नका. नवं विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलं असेल तर डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप बऱ्याचदा वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्याला, जोडले गेलेले असतात. तिथे फुकट जागा ५ जीबी. बाबांच्या फोटोंनी ती दुपारपर्यंत भरेल आणि मग इशाऱ्यांचा भडिमार. त्याच खात्यामुळे नवी डिस्क कुलूपबंदही झालेली असू शकते. ते चांगलंच आहे, फक्त किल्ली म्हणजे ४८ अंकी आकडा असतो. तो खात्यात जाऊन शोधा आणि बाबांच्या पेन्शनच्या फाइलीत कागदावर लिहून ठेवा.

आता तो काला. माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलात. फाइल बिघडलेली नाही, ताई. निदान या लक्षणावरून तरी नाही. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा देणारी पद्धत) रुळायच्या आधी, आणि कचेऱ्यांत त्यानंतरही बरीच वर्षं, मराठी टाइप व्हायचं ते पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमवर किंवा पुण्याच्याच मॉड्युलरच्या श्री-लिपीवर, अशा मराठी टाइपिंगच्या सॉफ्टवेअरवर. त्या फाइलीत मराठी अक्षर नसतंच. आत असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि खालचं दिसतं. बाबांचा फॉन्ट नव्या मशीनवर नाही, एवढंच झालंय.

कोणता फॉन्ट ते वर्डच सांगेल. काल्यावर क्लिक करा आणि वरच्या चौकटीत नाव वाचा. फॉन्ट नसला तरी नाव दिसतं. सरकारी खात्यातले होते म्हणजे सुरेख किंवा योगेश, आधी 'डीव्हीबी' वगैरे लावलेलं, असा माझा अंदाज. शिवाजी किंवा श्री-देव आणि पुढे आकडा, असंही असू शकेल. आणि तो फॉन्ट तुमच्याकडे आहे. दादांच्या त्या इमेजमध्ये. फॉन्ट जुन्या 'सी'वरच्या विंडोजच्या फोल्डरात बसतात. फाइल हिस्टरी तिथे ढुंकूनही बघत नाही, इमेज मात्र सगळंच उचलते. उघडलेल्या त्या ड्राइव्हवर 'टीटीएफ' शेपटीच्या फाइली शोधा, नाव जुळणारी बाहेर काढा, उजवी क्लिक, 'इन्स्टॉल'. वर्ड बंद करून पुन्हा उघडा. (त्या ड्राइव्हवरचे सगळेच मराठी फॉन्ट काढून ठेवा. बारा वर्षांत बाबांनी एकच वापरला असेल असं मानू नका.) इमेजमध्ये नाहीच मिळाला तर गावातल्या जुन्या डीटीपीवाल्याकडे जा. लग्नपत्रिका करणाऱ्यांकडे असले फॉन्ट अजून नांदतात.

फॉन्ट लागला, मराठी दिसली, की दोन गोष्टी करा. प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा. पीडीएफ फॉन्ट पोटात घेऊन फिरते, ती कुठेही मराठीच दिसते. मग युनिकोडमध्ये रूपांतर. त्याची साधनं मिळतात, पण निकालावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, जशी डोळ्याला दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचं याच्या उलट. रूपांतर करणारं साधन इथेच ठेचकाळतं. 'वर्षा'चा रफार शेजारच्यावर जाऊन बसतो, 'वाऱ्या'तला र मोडतो, जोडाक्षरांत पाय मोडके उरतात. वंशावळीत हे फार महागात पडेल, आडनावंच बदलतील. मूळ फाइल कधीही पुसू नका.

बाबांना पुढे टाइप कशात करायचं हेही आत्ताच ठरवा. इन्स्क्रिप्टवर (भारतीय लिपींसाठीची कीबोर्डची मांडणी) हात बसलेला असेल तर ती मांडणी विंडोजमध्ये फुकट आहे, सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की झालं. टाइपरायटरच्या मांडणीवर शिकलेले असतील तर तशी मांडणी देणारं साधन वेगळं शोधावं लागेल. ७४ व्या वर्षी बोटांना नवी सवय लावायला सांगू नका.

जुनी डिस्क हातात आली की आधी ऐकायचं. लावल्यावर टक-टक, खट-खट असा ठरावीक अंतराने आवाज आला तर तत्क्षणी बंद. पुन्हा लावून बघायचं नाही, फ्रीजमध्ये ठेवायचे वगैरे व्हॉट्सॲपी उपाय करायचे नाहीत. ती डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडे न्यायची. पुण्या-मुंबईत अशा जागा आहेत. तपासणीचे किती, काम होण्याआधी लेखी अंदाज मिळेल का आणि डेटा निघालाच नाही तर पैसे किती, हे तिन्ही आधी विचारा. खर्च बराच असतो, म्हणून आधी बाकीचं सगळं धुंडाळा. आवाज नसेल तर साटा-यूएसबीची (आतली डिस्क बाहेरून यूएसबीला जोडणारी) केबल किंवा डबी आणून ती नव्या सीपीयूला बाहेरून लावा. विंडोज म्हणेल, 'ही डिस्क वापरायला आधी फॉरमॅट करावी लागेल.' 'कॅन्सल'. दहा वेळा विचारलं तर दहा वेळा 'कॅन्सल'. 'डिस्क तपासून दुरुस्त करू का' म्हटलं तरी नको, दुरुस्ती म्हणजे त्याच आजारी डिस्कवर लिहिणं. 'डी' दिसला की बाबांच्या लिखाणाचा फोल्डर आधी उचला. लिखाण मोजून काही एमबी भरेल. मग फोटो. सिनेमे सगळ्यांत शेवटी किंवा नाहीतच.

सगळं उचलून झालं की नुसती नावं बघून खूश होऊ नका. आकाराप्रमाणे लावा आणि ० केबीच्या किती आहेत ते बघा, मग प्रत्येक कप्प्यातल्या दहा-पंधरा फाइली खरोखर उघडा.

बाबांच्या डिस्कची दुसरी प्रत रविवारी दादांबरोबर पुण्याला जाऊ द्या. सांगली-मिरजेच्या माणसाला हे मी शिकवायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना. बाबांनी ते तारीखवार लिहून ठेवलं असेल. ते लिहिलेली डिस्क आणि तिची नक्कल दोन्ही एकाच घरात, तळमजल्याच्या कपाटात ठेवू नका.

राहिला शेवटचा प्रश्न. बाबांना सांगा, आणि शनिवारच्या आधी सांगा. तुम्ही त्यांना धक्का बसू नये म्हणून लपवताय, पण या कामात सगळ्यांत जास्त माहिती त्यांच्याकडेच आहे. फॉन्ट कोणता होता, मांडणी कोणती, 'डी' जोडला होता का, इमेज कोणी घेऊन दिली, 'न्यू फोल्डर (१)' आणि '(२)' कुठे गेले. मुख्य म्हणजे २०२२ नंतरचं लिखाण त्यांनी कोणाकोणाला दिलं. या वयाची लिहिणारी माणसं लिखाण घरात कोंडून ठेवत नाहीत. कोणा जुन्या सहकाऱ्याला ई-मेल केला असेल, तो 'सेंट'मध्ये असेल. वंशावळ भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप गटावर गेली असेल. प्रिंट काढायला पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले असतील, तो पेनड्राइव्ह कुठल्यातरी शर्टाच्या खिशात किंवा चष्म्याच्या घरात असेल. कागदावरची प्रत सापडली तर तीही प्रतच आहे, पुन्हा टाइप करता येते. हे तुम्ही-दादा दोघं मिळून आठ दिवस शोधाल, ते पंधरा मिनिटांत सांगतील.

वाईट वाटेल त्यांना. वाटू द्या. मग खुर्ची त्यांच्यासाठी मधोमध ठेवा, तुम्ही दोघं बाजूला बसा, आणि युनिकोडमधली पहिली फाइल त्यांना वाचायला द्या. रफार कुठे घसरलाय ते त्यांच्याइतकं लवकर कोणालाच दिसणार नाही.